हवा कुठे साठेल, हे खडकाला विचारा
भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
महासंचालक,
भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण,
कोलकाता

महोदय,



सौरऊर्जा, ग्रिड, साठवण असे शब्द असलेलं पत्र तुमच्या कार्यालयात आलं, की ते ‘पुढील कार्यवाहीसाठी’ ऊर्जा मंत्रालयाकडे रवाना होण्याची शक्यता जास्त. हे मात्र कृपा करून तिकडे पाठवू नका. मंत्रालयाकडे धोरण आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे आकडे आहेत, बँकांकडे पैसा आहे. मला जे विचारायचं आहे त्याचं उत्तर तुमच्या कोअर, म्हणजे बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या कांड्या, ठेवलेल्या पेट्यांमध्ये पडून आहे.

दुपारी उन्हामुळे जास्तीची झालेली वीज वापरून हवा दाबायची, ती जमिनीखाली शेकडो मीटर खोल पोकळीत भरून ठेवायची आणि दिवेलागणीला तीच हवा टर्बाइनवर सोडून वीज परत घ्यायची, असं तंत्र जगात ४५ वर्षांहून जास्त काळ चालू आहे. आपल्या देशात अशी पोकळी कुठे करता येईल? कुठे करून चालणार नाही? याचा नकाशा, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या बोअरहोलच्या नोंदींवरून, तुम्ही तयार करावा आणि सगळ्यांसाठी खुला करावा, एवढीच मागणी आहे. पुढचं सगळं त्या मागणीची कारणं.

मी पूर्व विदर्भातल्या भूमिगत धातुखाणींत नोकरी केली. दाबलेली हवा हे आमचं रोजचं हत्यार. वर कॉम्प्रेसर हाऊस, तिथून शाफ्टमधून उतरलेला पाइप आणि फेसवर, म्हणजे खडक फोडायच्या जागी, जॅकहॅमर. हवेचा दाब सहा-सात बार. कॉम्प्रेसरजवळ उन्हाळ्यात उभं राहवत नसे. ती सगळी उष्णता आम्ही कूलरच्या पाण्यात सोडून द्यायचो. खाली ड्रिलर घामाने निथळत असायचा आणि त्याच्याच हातातल्या मशीनच्या एक्झॉस्टला पांढरा बर्फ धरलेला असायचा. नवा हेल्पर आला की पहिल्या पाळीत त्या बर्फाला हमखास बोट लावून बघायचा.

हवेत वीज साठवण्याच्या धंद्याची मुख्य अडचण त्या बर्फात दिसते. हवा दाबली की तापते, मोकळी सुटली की गार पडते. दाबताना निघालेली उष्णता फेकून दिली तर सोडताना ती कुठून तरी विकत आणावी लागते. जर्मनीच्या उत्तर भागात हुंटोर्फ इथे १९७८ मध्ये जगातला पहिला असा प्रकल्प उभा राहिला, तेव्हा ही उष्णता नैसर्गिक वायू जाळून आणली गेली. रात्रीच्या स्वस्त विजेवर हवा भरायची आणि गरजेच्या वेळी दोन-तीन तास २९० मेगावॉट वीज द्यायची, असा त्याचा मूळ बेत. हिशेब मात्र अंगावर येणारा: एक युनिट वीज परत मिळवायला सुमारे ०.८ युनिट वीज आणि वर १.६ युनिट भरेल एवढा गॅस. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मॅकिंटॉशला १९९१ मध्ये दुसरा प्रकल्प आला, ११० मेगावॉटचा, सलग २६ तास चालू शकणारा. तिथे टर्बाइनमधून बाहेर पडणारी धग परत वापरली, त्यामुळे गॅस बराच कमी लागला. तरी लागलाच.

हा भाग यंत्रवाल्यांचा. तुमच्या कामाचा भाग हुंटोर्फच्या पोटात आहे. तिथे मिठाच्या थरात ६५० ते ८०० मीटर खोलीवर दोन पोकळ्या आहेत, मिळून सुमारे ३ लाख १० हजार घनमीटरच्या. नेहमीच्या कामात दाब ४३ ते ७० बारच्या दरम्यान खालीवर होतो. वीस-बावीस वर्षांनी त्या आतून मोजल्या, तेव्हा त्यांचा आकार जवळजवळ जिथल्या तिथे होता. त्रास दिला तो विहिरीतल्या नळ्यांनी. दमट, खारट हवेत लोखंड काही महिन्यांत गंजू लागलं, मग फायबरच्या नळ्या घालाव्या लागल्या. खाणीत उमेदवारी केलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. खडक चांगला निवडला असेल तर तो सांभाळून घेतो. खर्च लोखंड करवतं.

आणि खडक चुकीचा निवडला तर? अमेरिकेतल्या आयोवा राज्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण वाचकांसाठी सांगतो. तिथल्या नगरपालिकांच्या वीजसंस्थांनी एकत्र येऊन २७० मेगावॉटचा प्रकल्प ठरवला. वाऱ्याची वीज मुबलक, मागणी होती, सरकारी मदत होती. हवा भरायची होती डॅलस सेंटर गावाजवळ, सुमारे ३००० फूट खोल, पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात. वर अभेद्य थराचं झाकण, खाली सच्छिद्र दगड. कागदावर सगळं जुळत होतं. आठ वर्षं अभ्यास, बैठका, आर्थिक गणितं झाली. मग विहिरी खोदून चाचण्या घेतल्या, तेव्हा कळलं की तो वालुकाश्म हवा लागेल त्या वेगाने आत घेत नाही आणि बाहेरही सोडत नाही. २०११ मध्ये प्रकल्प बंद झाला.

त्या लोकांनी नंतर जे केलं त्यासाठी त्यांना दाद द्यायला हवी. आपल्या अपयशाचा सविस्तर अहवाल त्यांनी २०१२ मध्ये छापला: काय गृहीत धरलं, काय निघालं, पैसा कुठे गेला. आपल्याकडे असा अहवाल निघाला असता तर त्यावर ‘गोपनीय’ शिक्का बसला असता आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी त्याच थरात पुन्हा भोक पाडलं असतं.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे मी खडकाचा फाजील अभिमान बाळगतो असं वाटायला नको. ओहायो राज्यात नॉर्टनला चुनखडीची एक बंद पडलेली प्रचंड खाण आहे, २२०० फूट खोल. त्यात २७०० मेगावॉटपर्यंत जाण्याचे बेत झाले. दगड चांगला होता. वीज स्वस्त झाली आणि २०१३ मध्ये काम गुंडाळलं गेलं. म्हणजे चांगला खडक असला की प्रकल्प होतोच असं नाही. खडक नसला तर मात्र नक्की होत नाही, आणि हे आठव्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या वर्षी कळलेलं बरं.

गेल्या काही वर्षांत या तंत्राने गॅसची कुबडी टाकायला सुरुवात केली आहे. दाबताना निघालेली उष्णता गरम पाण्यात, तेलात किंवा वितळलेल्या क्षारांत धरून ठेवायची आणि हवा सोडताना तिला परत द्यायची. चीनमध्ये जिनतानला मिठाच्या पोकळीत २०२२ मध्ये ६० मेगावॉटचा असा प्रकल्प सुरू झाला. पुढे हूपेई प्रांतात यिंगचंगला, मिठाच्या जुन्या खाणीत, एका वेळी पाच तास चालणारा ३०० मेगावॉटचा. भरलेल्या शंभर युनिटांपैकी साठ-पासष्ट परत येतात. पाणी डोंगरावर चढवून वीज साठवणाऱ्या आपल्या उदंचन प्रकल्पांत पंचाहत्तर-ऐंशी येतात आणि बॅटरीत त्याहून जास्त. ही तूट खरी आहे, ती कोणी लपवू नये.

ऑस्ट्रेलियातलं ब्रोकन हिल मात्र मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते आमच्यासारख्याच लोकांचं गाव आहे. चांदी, शिसं, जस्त यांच्या खाणींवर वसलेलं. बीएचपी ही जगड्व्याळ कंपनी १८८५ मध्ये इथेच जन्मली. आता वस्ती सतरा-अठरा हजारांची. गावाजवळ २०० मेगावॉटच्या पवनचक्क्या आणि ५३ मेगावॉटचा सौरप्रकल्प. गाव मात्र एकाच पारेषण वाहिनीला लटकलेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वादळाने त्या वाहिनीचे सात मनोरे आडवे केले. उशाशी एवढी वीजनिर्मिती असून गाव डिझेलवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांवर आलं, आणि तीही धड चालेनात. वीज कित्येक दिवस ये-जा करत राहिली.

याच गावात, खाणीच्या जागेवर, हायड्रोस्टर या कॅनडातल्या कंपनीने २०० मेगावॉट वीज आठ तास देणारा प्रकल्प आखला आहे. राज्य सरकारची नियोजन-मंजुरी २०२५ मध्ये मिळाली. तिथे मीठ नाही, कठीण स्फटिकी खडक आहे. त्यात सुमारे ६०० मीटर खोल पोकळी कोरायची, जमिनीवर एक तलाव करायचा आणि दोन्ही पाण्याच्या शाफ्टने जोडायचे. हवा आत गेली की पाणी वर ढकललं जातं, हवा बाहेर निघाली की पाणी तिच्या जागी उतरतं. सहाशे मीटरच्या पाण्याचं वजन म्हणजे साठ बार दाब, आणि तो हवा भरलेली असो वा अर्धी संपलेली, सारखाच राहतो. त्यामुळे हुंटोर्फसारखी दाब टिकवण्यासाठी आतली बरीचशी हवा कायमची अडकवून ठेवावी लागत नाही. पोकळी लहान पुरते. एरवी वीज बाजारात विकायची, पण थोडा साठा गावासाठी राखीव ठेवायचा असाही बेत आहे. पैशांची जुळवाजुळव सोपी नाही, आणि तो प्रकल्प उभा राहीलच अशी हमी मी देणार नाही. कल्पना मात्र खाणकामगाराला पटणारी आहे: शाफ्ट, ड्रायव्हेज (आडवे बोगदे), पंपिंग, खडकाला आधार देणं, हे सगळं आम्हाला येतं.

आता आपल्या घरी येऊ. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत योजनेनुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ७४ गिगावॉट साठवण लागेल. त्यात सुमारे २७ गिगावॉट उदंचन आणि ४७ गिगावॉट बॅटरी. बेरीज तिथेच पूर्ण होते. हवेसाठी रकाना नाही. मी त्या नियोजनकारांना दोष देत नाही. जी गोष्ट कुठे करता येईल हेच कोणाला सांगता येत नाही, तिचे मेगावॉट ते कशावर लिहिणार? दोन-चार तासांच्या कामात बॅटऱ्यांनी बाजी मारली आहे आणि त्यांचे भाव अजून उतरत आहेत. तिथे हवेने स्पर्धेला उतरू नये. जिथे आठ-दहा तास वीज पुरवायची आहे आणि उदंचनासाठी डोंगरच नाही, तिथे हवेचा विचार करायचा. असे दोन प्रदेश मला दिसतात.

पहिला राजस्थानातला बिकानेर, हनुमानगढ, नागौरचा पट्टा. वाळूखाली मिठाचे जाड थर आहेत हे तुमच्याच लोकांनी पोटॅश शोधताना, विहिरींमागून विहिरी पाडून, काही दशकांपूर्वी दाखवून दिलं. त्याच भागात आज सौरप्रकल्पांची दाटी आहे. भडला इथलं एकच सौर उद्यान २२४५ मेगावॉटचं. पारेषण वाहिन्या कमी पडल्या की भरदुपारी तिथल्या प्रकल्पांना निर्मिती कमी करायला सांगितलं जातं. वर वाया जाणारी वीज आणि खाली मीठ, असा योग जगात फार ठिकाणी नसावा.

पण मीठ फुकट पोकळी देत नाही. गोडं पाणी सोडून ते विरघळवावं लागतं आणि एक घनमीटर पोकळीला सात-आठ घनमीटर पाणी जातं. हुंटोर्फएवढी जागा करायची तर वीस लाख घनमीटरहून अधिक, तेही इंदिरा गांधी कालव्याच्या मुलखात, जिथे शेतकरी पाण्याच्या पाळीसाठी रात्र जागून काढतो. शिवाय तेवढंच खारं पाणी बाहेर येणार. ते कुठे न्यायचं? मिठागरांना देता येईल का, खारट भूजल वापरून भागेल का, हे प्रश्न प्रकल्पाआधी सुटायला हवेत. एक सोयीची गोष्ट मात्र आहे. याच भागात द्रावणाने पोटॅश काढता येईल का हे तपासण्यासाठी २०२१ मध्ये तीन सरकारी संस्थांचा करार झाला, आणि कच्च्या तेलाच्या राखीव साठ्यासाठीही याच मिठाचा विचार झाला आहे. म्हणजे विहिरी पडणारच असतील, तर त्याच विहिरीत हवेसाठी लागणारी चार मोजमापं जास्तीची घेऊन ठेवता येतील. मिठाची जाडी, त्यातले मातीचे पट्टे, तापमान, खडकातला ताण. यंत्रं एकदा माघारी गेली की तीच मापं घ्यायला पुन्हा सगळा खर्च.

दुसरा प्रदेश आमचा: भंडारा, गोंदिया, नागपूरचा पूर्व भाग. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टखाली आहे. कोयनेला तो ९०० मीटरहून जाड आहे. त्याखालचा ग्रॅनाइट गाठायला तिथल्या संशोधन-विहिरी किती खोल न्याव्या लागल्या हे त्या खोदणाऱ्या कराडच्या प्रयोगशाळेला विचारा. बेसॉल्टमध्ये वीजगृहं कोरता येतात हे कोयना आणि घाटघरने सिद्ध केलं आहे. पण वीजगृहात माणसं असतात, साठ बारची हवा नसते. बेसॉल्ट थरांनी साठलेला. कठीण काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या, त्याखाली तांबड्या मातीचा पट्टा, मग पुन्हा पाषाण, आणि सगळ्याला उभ्या भेगा. विहीर खणणारा कोणताही शेतकरी सांगेल की पाणी त्या सांध्यांतूनच येतं. जिथून पाणी येतं तिथून हवा जाईल. सह्याद्रीत उदंचन होऊ द्या, हवेचा हट्ट नको.

पूर्व विदर्भात मात्र हे आवरण संपतं. तिथे नाइस, ग्रॅनाइट, शिस्ट असे जुने स्फटिकी खडक वरच आहेत. मँगनीजच्या खाणींनी त्यांत शंभरावर वर्षं शाफ्ट उतरवले आहेत, त्यामुळे हा खडक खोलवर कसा वागतो याची माहिती आयती आहे. चंद्रपूर आणि तिरोड्याच्या औष्णिक केंद्रांमुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या आहेत. चंद्रपूर-पडघे ही १५०० मेगावॉटची वाहिनी तर थेट मुंबईच्या दारात उतरते. कोळसा ओसरेल तशा त्या रिकाम्या होतील.

इथे एक गैरसमज आताच मोडायला हवा, कारण भाषणांत तो येऊ लागला आहे. ‘बंद खाणी हवेने भरा’ ही घोषणा ऐकायला छान आहे. बहुतेक जुन्या खाणी उथळ असतात, त्यांना दहा वाटांनी तोंडं फुटलेली असतात आणि त्यांची छतं माल काढण्यापुरती टिकावीत अशा हिशेबाने सोडलेली असतात. कोळशाच्या खाणीचा तर विषयच काढू नये. जिथे कोळसा आपणहून पेट घेतो आणि मिथेन झिरपतो, तिथे दाबाने प्राणवायू भरायचा? खाणीकडून आपल्याला त्या भागातल्या खडकाची ओळख आणि तिथली कसबी माणसं मिळतात. पोकळी नवीच, खोल आणि अखंड खडकात कोरावी लागेल.

ते आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे आपण कठीण खडकात गुहा कोरून ५३ लाख ३० हजार टन कच्च्या तेलाची सोय केली आहे. त्यांना सिमेंटचं अस्तर नाही. भोवतालच्या भूजलाचा दाब आतल्यापेक्षा जास्त ठेवला, की तेल भेगांतून बाहेर जात नाही. हवेलाही हाच नियम लागू. फरक खोलीचा: साठ बारची हवा कोंडायला सहाशे मीटर किंवा त्याखाली जावं लागेल, आणि तिथल्या खडकाचं आपल्याला फार कमी कळलेलं आहे.

म्हणून महोदय, पुन्हा मागणीवर येतो. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार खुलं झालं. खनिज शोधणाऱ्याला त्यात पुष्कळ सापडतं. पोकळी शोधणाऱ्याला काय हवं असतं ते वेगळं आहे. खनिजवाला ज्या दोन-तीनशे मीटरच्या कोअरवर ‘काही नाही’ असा शेरा मारून पुढे जातो, तोच अखंड, एकसारखा, बिनभेगांचा खडक आम्हाला हवा आहे. त्या ‘काही नाही’च्या पेट्या पुन्हा उघडा. भेगांचं प्रमाण, पारगम्यता, भूजलाची पातळी, ताणाच्या चाचण्या झाल्या असतील तर त्यांचे आकडे, एवढं एका नकाशावर आणा. यासाठी सुरुवातीला नव्या विहिरीचीही गरज नाही. खाणकंपन्यांकडे जे आहे ते त्यांच्याकडून मागून घ्या. सरकारी कंपनीची नोंद ही कोणाची खाजगी मालमत्ता नव्हे.

नकाशा निघाला की जमिनीचे दलालही जागे होतील, हे मी जाणून आहे. नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल आणि तलावांच्या काठची गावं याच पट्ट्यात आहेत. त्यामुळे जिथे खडक चांगला पण वर जंगल आहे, तिथे ‘खडक योग्य, जागा अयोग्य’ असं त्याच नकाशावर लिहा. ग्रामसभेला नंतर कळण्यापेक्षा आधी कळू द्या.

सगळा देश एकदम करायची गरज नाही. जयपूरच्या तुमच्या कार्यालयाला बिकानेरचं मीठ द्या आणि नागपूरच्या कार्यालयाला भंडारा-गोंदियाचा खडक. दोन्ही नकाशे आधी काढा आणि जिथे उत्तर ‘जमणार नाही’ असं येईल, तेही कारणांसह तितक्याच ठळकपणे छापा.

कळावे,

भूमिगत खाणींतून निवृत्त झालेला एक अभियंता,
तुमसर, जि. भंडारा